थंडी, चरबी आणि म्हातारपण : वाचकांची प्रश्नोत्तरे

थंड वातावरणात काही प्राणी जास्त जगतात आणि त्यात चरबीच्या चयापचयाचा मोठा वाटा असतो, असं मागच्या लेखात ओझरतं लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले. काही कुतूहलापोटी, काही घरातल्या माणसाच्या काळजीपोटी, तर एक-दोन असे की त्यांना उत्तर द्यायला उशीर करणं मला बरं वाटेना. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : थंडीत सगळंच सावकाश चालतं. रासायनिक क्रिया मंदावल्या की शरीराची झीज कमी होणार आणि प्राणी जास्त जगणार. यात विशेष ते काय?

उत्तर : शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांचाही हाच तर्क होता आणि त्याला आधारही होता. जाक लोब आणि जॉन नॉर्थरॉप यांनी १९१६-१७ च्या सुमारास फळमाश्या वेगवेगळ्या तापमानांत ठेवून पाहिल्या. तापमान १० अंशांनी उतरवलं की माश्यांचं आयुष्य दुपटी-तिपटीने वाढायचं. साध्या रासायनिक क्रियेचा वेगही थंडीत साधारण त्याच प्रमाणात पडतो. पुढे १९२८ मध्ये रेमंड पर्ल यांनी ‘जगण्याचा वेग’ ही कल्पना मांडली : ज्याचं शरीर वेगाने चालतं, त्याचं आयुष्य लवकर सरतं.

या कल्पनेला मोठा धक्का दिला तो जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या सी. एलेगन्स या सूत्रकृमीने. हा कृमी २० अंश तापमानात दोन-तीन आठवडे जगतो, १५ अंशांत त्याहून जास्त आणि २५ अंशांत कमी. मिशिगन विद्यापीठातल्या शॉन शू यांच्या गटाने २०१३ मध्ये या कृमीतलं टीआरपीए-१ हे प्रथिन निकामी केलं. थंडी लागली की या प्रथिनातून पेशीत कॅल्शियम शिरतं. ते निकामी केलेल्या कृमींना थंडीत ठेवलं, तेव्हा थंडीने वाढणाऱ्या आयुष्यातला बराच भाग त्यांच्या वाट्याला आलाच नाही. आता गंमत पाहा : दोन्ही गटांतल्या कृमींची शरीरं सारखीच थंड होती, दोन्हीकडे रासायनिक क्रिया सारख्याच मंदावायला हव्या होत्या. तरी ज्यांच्या पेशींना थंडी कळली ते जास्त जगले आणि ज्यांना कळली नाही ते लवकर गेले. कॅल्शियम शिरल्यावर संदेश पुढे सरकत जातो आणि शेवटी डाफ-१६ या प्रथिनापर्यंत पोचतो. हे प्रथिन दुरुस्तीची आणि ताण सोसण्याची अनेक जनुकं चालू करतं. माणसातही याच घराण्यातली फॉक्सो नावाची प्रथिनं आहेत, आणि कृमीच्या टीआरपीए-१ च्या जागी माणसाचं टीआरपीए-१ घातलं तरी आयुष्य वाढवण्याचं काम चालतं.

त्याच गटाने २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला जास्तच महत्त्वाची वाटते. प्रौढ कृमीला थंडीत ठेवलं तर आयुष्य वाढतं, पण अळीच्या अवस्थेत थंडीत ठेवलं तर पुढचं आयुष्य घटतं. सगळा प्रकार नुसता ‘मंदावण्याचा’ असता, तर असा उलटा परिणाम दिसलाच नसता.

प्रश्न : यात चरबी कुठून आली? चरबी म्हणजे साठवलेलं इंधन, एवढंच आम्ही शाळेत शिकलो.

उत्तर : ते अर्धंच आहे. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण मेदाम्लांपासून, म्हणजे चरबीच्या मूळ घटकांपासून, बनलेल्या रेणूंचं असतं. पेशीच्या आत मायटोकाँड्रिया म्हणून ऊर्जा तयार करणारे बारीक कण असतात, त्यांचं आवरणही तसंच. या आवरणांत प्रथिनं रुतलेली असतात आणि त्यांना काम करायला आवरण थोडं पातळ, हलतं असावं लागतं. थंडीत लोणी कडक होतं आणि तेल वाहतं राहतं, ते ज्या कारणाने, त्याच कारणाने संपृक्त मेदाम्लांचं आवरण थंडीत थिजतं आणि असंपृक्त मेदाम्लांचं पातळ राहतं. असंपृक्त मेदाम्लाच्या साखळीत दुहेरी बंध असतो, तिथे साखळी वाकते. वाकड्या साखळ्या एकमेकींना चिकटून घट्ट रचल्या जात नाहीत.

म्हणून थंडी पडली की जीव आपल्या आवरणाची घडणच बदलतो. १९७४ मध्ये मायकेल सिनेन्स्की यांनी ई. कोलाय जिवाणूंत हे मोजून दाखवलं : वेगवेगळ्या तापमानांत वाढलेल्या जिवाणूंची आवरणं आपापल्या तापमानाला जवळपास सारखीच पातळ होती. रेनडियरच्या पायात तर एकाच हाडात हा फरक सापडतो. वर धडाजवळच्या मज्जेतली चरबी घट्ट असते, खुराकडे, बर्फाजवळ जाल तशी ती मऊ होत जाते. सूत्रकृमी थंडीत फॅट-७ नावाचं एन्झाइम जोमाने तयार करतो. त्याचं काम एकच, संपृक्त मेदाम्लात दुहेरी बंध घालायचा. हे काम नीट झालं नाही, तर कृमीला थंडी सोसत नाही.

पण खरी अडचण पुढेच आहे. दुहेरी बंध ही मेदाम्लाची दुखरी जागा आहे. एकापेक्षा जास्त दुहेरी बंध असले की त्यांच्या मधल्या जागी ऑक्सिजन सहज हल्ला करतो आणि मेदाम्ल खवट होतं. त्यातून निघालेले रेणू शेजारची प्रथिनं आणि डीएनए बिघडवतात. डीएचए या मेदाम्लात ६ दुहेरी बंध असतात आणि ते दोनच दुहेरी बंध असलेल्या लिनोलिक आम्लापेक्षा सुमारे ८ पट जास्त खवट होण्याजोगं असतं. म्हणजे थंडीत टिकायचं तर आवरण पातळ हवं, आणि म्हातारपण लांबवायचं तर आवरण खवट होता कामा नये. या दोन गरजा एकमेकींच्या विरोधात जातात. माझ्या मते ‘थंडी आणि आयुष्य’ या विषयाचं मर्म या ओढाताणीत आहे.

काही जिवांनी तिच्यातून वाट काढली आहे. आइसलँडजवळच्या थंड समुद्रात आर्क्टिका आयलँडिका नावाचा शिंपला राहतो. २००६ मध्ये पकडलेल्या अशाच एका शिंपल्याच्या कवचावरची वर्तुळं मोजली, तेव्हा त्याचं वय ५०७ वर्षं निघालं. ‘मिंग’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. २०१२ मध्ये मन्रो आणि ब्लिए यांनी या जातीच्या मायटोकाँड्रियाची आवरणं तपासली. कमी जगणाऱ्या इतर शिंपल्यांच्या मानाने ती खवट होण्याला कितीतरी जास्त दाद न देणारी निघाली.

मधली वाट म्हणजे एकच दुहेरी बंध असलेली मेदाम्लं, उदाहरणार्थ ओलिक आम्ल. ते थंडीत पातळ राहतं आणि सहजी खवटही होत नाही. २०१७ मध्ये अ‍ॅन ब्रुने यांच्या गटाने सूत्रकृमींना ओलिक आम्ल खाऊ घातलं आणि ते जास्त जगले. कृमीला यकृत नसतं, चरबीचा वेगळा साठाही नसतो. आतडंच त्याचं कोठार. तिथली चरबी फोडणारं एक एन्झाइम वाढवलं तर कृमी सडपातळ राहतो आणि जास्त जगतो, हेही २००८ मध्येच मेंग वांग आणि गॅरी रव्हकन यांच्या कामातून कळलं होतं. फुटलेल्या चरबीतले काही रेणू पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन जनुकांना संदेश देतात. इंधनाच्या पलीकडचं चरबीचं काम ते हे.

प्रश्न : माणूस, उंदीर हे प्राणी बाहेर कितीही थंडी असली तरी शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखतात. मग कृमीचे नियम आपल्याला कसे लागू होतील?

उत्तर : फार नेमका प्रश्न आहे, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. कृमी थंडीत ठेवला की तो स्वतः थंड होतो. उंदीर थंडीत ठेवला की तो थंड होत नाही, उलट ऊब टिकवण्यासाठी जास्त इंधन जाळतो. बाहेरची थंडी तीच, पण शरीरात घडतं ते उलट. म्हणून ‘थंडीने आयुष्य वाढतं का’ असं विचारण्याआधी शरीर थंड झालं की थंडीशी झुंजलं, हे विचारायला हवं.

होलोशी आणि स्मिथ यांनी १९८६ मध्ये उंदरांना आठवड्यातले ५ दिवस, रोज ४ तास २३ अंशांच्या उथळ पाण्यात उभं ठेवलं. ते उंदीर ४४ टक्के जास्त खाऊ लागले, तरी वजन कमीच राहिलं. ‘जगण्याचा वेग’ खरा असता, तर ते लवकर मरायला हवे होते. ते लवकर मेले नाहीत, आणि विशेष जास्तही जगले नाहीत.

आता दुसरी बाजू. २००६ मध्ये ब्रूनो कॉन्टी आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्या मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या भागाला शेजारच्या पेशींकडून थोडी ऊब मिळत राही. शरीर पुरेसं गरम आहे अशा समजुतीने मेंदू तापमान खाली आणायचा. फरक किती, तर ०.३ ते ०.५ अंश. खाणं नेहमीइतकंच. तेवढ्यावर नरांचं मध्यक आयुष्य १२ टक्के आणि माद्यांचं २० टक्के वाढलं.

तापमान आणि चयापचय या दोन गोष्टी वेगळ्या काढणारा प्रयोग झि-जुन झाओ, जॉन स्पीकमन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. हॅमस्टर आणि उंदीर ३२.५ अंशांत ठेवले. ऊब राखण्याचं काम उरलं नाही, त्यामुळे चयापचय मंदावला. पण शरीराचं तापमान वाढलं आणि आयुष्य घटलं. मग त्याच उष्ण खोलीत त्यांच्यावर लहान पंख्याचा वारा सोडला. चयापचय होता तसाच राहिला, शरीराचं तापमान उतरलं, आणि घटलेलं आयुष्य भरून निघालं. इतका साधा उपाय आणि इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच जुळून येतं.

माणसांत असा प्रयोग करता येत नाही. पण बाल्टिमोरच्या दीर्घकालीन अभ्यासात ज्या पुरुषांचं शरीराचं तापमान कमी होतं ते जास्त जगले, असं २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. ६ महिने कमी उष्मांकांचा आहार घेतलेल्या माणसांचं तापमान आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन दोन्ही उतरतात, हेही २००६ च्या एका चाचणीत दिसलं.

प्रश्न : तपकिरी चरबी माणसात असते का, आणि ती असणारे खरंच निरोगी असतात का?

उत्तर : असते. मेदाम्लं जाळून ऊब देणारी ही चरबी नवजात बाळांत भरपूर असते. मोठ्यांत ती नाहीशी होते असं बरीच वर्षं मानलं जाई. उत्तर फिनलंडमध्ये उघड्यावर काम करणाऱ्यांच्या शवविच्छेदनात ती सापडल्याचं १९८१ मध्येच छापून आलं होतं, पण फार कोणी लक्ष दिलं नाही. २००९ मध्ये एकाच वेळी तीन शोधनिबंध आले आणि वाद संपला. कर्करोगासाठी केलेल्या पेट स्कॅनमध्ये मानेत, गळपट्टीच्या हाडाच्या वर आणि मणक्यालगत काही ठिपके उजळत, ते तपकिरी चरबीचे होते. रंग येतो तो मायटोकाँड्रियातल्या लोहामुळे. या पेशी त्यांनी खचाखच भरलेल्या असतात. त्यांच्यातलं यूसीपी-१ हे प्रथिन मेदाम्लं जाळून मिळालेली ऊर्जा साठवू देत नाही, थेट उष्णतेत बदलतं.

आरोग्याबद्दल सांगायचं तर २०२१ मध्ये पॉल कोहेन यांच्या गटाने ५२,००० हून जास्त रुग्णांचे स्कॅन तपासले. तपकिरी चरबी दिसणाऱ्यांपैकी ४.६ टक्क्यांना टाइप २ मधुमेह होता, न दिसणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना. फरक मोठा आहे. पण हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. तपकिरी चरबी असणारा माणूस जास्त वर्षं जगतो, असं म्हणायला अजून पुरावा नाही.

प्रश्न : माझ्या आईचं वय ७८. अंगात चरबी आहे, वजन कमी नाही, तरी तिला सतत थंडी वाजते. चरबी असूनही असं का?

उत्तर : आधी एक गोष्ट करा. हे अलीकडेच सुरू झालं असेल, तर आईंचा थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. दोन्ही कमी असले की थंडी वाजते आणि दोन्हींवर उपचार आहेत.

तपासण्या ठीक असतील, तर कारण वयात आहे. चरबी अंगात असणं आणि वेळेवर मिळणं यांत फरक आहे. थंडी लागली की चेतातंतू चरबीच्या पेशीजवळ नॉरअ‍ॅड्रेनालिन सोडतात, तो संकेत मिळाला की साठवलेली चरबी फुटते आणि मेदाम्लं रक्तात येतात. येलमधल्या विश्व दीप दीक्षित यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांच्या चरबीत बसलेल्या मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी हे नॉरअ‍ॅड्रेनालिन मधल्या मध्ये नष्ट करतात. कोठार भरलेलं, पण उघडण्याचा निरोपच पोचत नाही. त्यात वयाबरोबर तपकिरी चरबी घटते. थरथरून ऊब निर्माण करणारे स्नायूही घटतात. त्वचेतल्या रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या चटकन आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे आहे ती ऊबही निसटते.

वयस्कर माणसांत आणखी एक धोका असतो : शरीर थंड होत असूनही थंडी जाणवत नाही. आईंना थंडी वाजते, म्हणजे त्यांची जाणीव शाबूत आहे, आणि ती ऐकायची. ‘सवय करून घे’ असं त्यांना कोणी म्हणत असेल, तर कृपया थांबवा. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घराच्या आतलं तापमान निदान १८ अंश ठेवायला सांगते, वृद्धांसाठी त्याहून थोडं जास्तच चांगलं. डोकं, मान, पावलं झाकलेली असू द्या. जमेल तितकं चालणं आणि बसल्या-उठल्याचा व्यायाम चालू ठेवा, कारण स्नायू हीच त्यांची शेकोटी आहे. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं, बोलणं अडखळू लागलं किंवा गुंगी वाटली, तर लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न : कार्निटिनच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या उंदरांना थंडी सोसू लागली असं वाचलं. आम्हीही घ्याव्यात का?

उत्तर : प्रयोग खरा आहे. थंडीत यकृत मेदाम्लांना कार्निटिन हा वाहक रेणू जोडून अ‍ॅसिलकार्निटिन तयार करतं आणि तपकिरी चरबी ते जाळते, हे २०१७ मध्ये समजलं. २४ महिन्यांच्या, म्हणजे उंदरांच्या हिशेबात चांगल्याच म्हाताऱ्या, उंदरांना कार्निटिन पाजल्यावर त्यांचं तापमान थंडीत तितकंसं घसरलं नाही. पण हा काही तासांचा परिणाम होता आणि तो उंदरांत होता. त्यावरून माणसाने रोज गोळी घ्यावी, असं ठरत नाही.

प्रश्न : चरबी जाळून उष्णता काढणारं डीएनपी नावाचं औषध ऑनलाइन मिळतं. तपकिरी चरबीसारखंच काम करतं म्हणे. घ्यायला हरकत नाही ना?

उत्तर : घेऊ नका. घरात असेल तर टाकून द्या, आणि घेतलं असेल तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांकडे जा. डीएनपी म्हणजे डायनायट्रोफेनॉल. ते १९३३ पासून अमेरिकेत वजन कमी करायला दिलं गेलं. अनेकांना मोतीबिंदू झाला, काही जण ताप चढून मेले, आणि १९३८ मध्ये ते माणसांच्या वापरासाठी अयोग्य ठरवलं गेलं. यूसीपी-१ फक्त तपकिरी पेशीत असतं आणि गरज संपली की थांबतं. डीएनपी मेंदू-हृदयासकट प्रत्येक पेशीत शिरतं आणि त्याला थांबवणारं काहीच नसतं. त्यावर उतारा नाही. दर काही वर्षांनी तरुण मुलं याने दगावतात, म्हणून इतक्या स्पष्ट शब्दांत लिहिते आहे.

प्रश्न : बर्फाच्या पाण्यात बसल्याने म्हातारपण लांबतं असं सांगणारे व्हिडिओ रोज दिसतात. तथ्य किती?

उत्तर : सौम्य थंडीचा फायदा काही प्रमाणात दिसलेला आहे. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या ८ रुग्णांना १० दिवस, रोज ६ तासांपर्यंत १४-१५ अंशांच्या खोलीत बसवलं. त्यांची इन्सुलिनला मिळणारी दाद ४३ टक्क्यांनी सुधारली. त्यात बर्फ नव्हता. रुग्ण अवघे ८ होते, आणि आयुष्याचा प्रश्न त्या प्रयोगात नव्हताच. सुधारणेचं श्रेयही तपकिरी चरबीला फारसं गेलं नाही, बदल मुख्यतः स्नायूंत दिसला.

बर्फाच्या पाण्यात अचानक शिरलं की पहिल्या मिनिटातच श्वास आवरत नाही, रक्तदाब उसळतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. धडधाकट माणसाला हे निभावून जातं. हृदयविकार, उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि वयस्करांनी या वाटेला जाऊ नये. २०१३ मधला एक प्रयोगही सांगून ठेवते. धमन्यांत चरबीचे थर साचण्याची जन्मजात प्रवृत्ती असलेल्या उंदरांना थंडीत ठेवलं. त्यांच्या तपकिरी चरबीने जोमाने काम केलं, साठवलेली चरबी फुटली, पण फुटून रक्तात आलेले मेदाचे कण उचलून नेण्याची त्यांच्या यकृताची क्षमताच बिघडलेली होती. त्यामुळे थर आणखी वाढले. यकृत नीट काम करणाऱ्या दुसऱ्या जातीच्या उंदरांत तपकिरी चरबी चेतवल्यावर थर कमी झाले. चरबी फोडणं हे अर्धं काम झालं, फुटलेली चरबी कुठे जाते त्यावर पुढचं ठरतं.

प्रश्न : मग थंड देशांतली माणसं जास्त जगतात का?

उत्तर : हवामानामुळे नाही. तिथली माणसं उबदार घरांत, उबदार कपड्यांत राहतात. त्यांचं शरीर थंड होत नाही. १३ देशांतल्या ७ कोटी ४० लाख मृत्यूंचा अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात एकूण मृत्यूंत थंडीचा वाटा ७.२९ टक्के आणि उष्णतेचा ०.४२ टक्के निघाला. यातले बहुतेक कडाक्याच्या नव्हे तर बेताच्या थंडीतले होते.

प्रश्न : शीतनिद्रेत जाणारे प्राणी महिनोन्‌महिने फक्त चरबीवर जगतात. त्यांचं वय त्या काळात थांबतं का?

उत्तर : हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण वरच्या दोन्ही गोष्टी इथे एकत्र येतात. शीतनिद्रेत शरीर खरोखर थंडही होतं आणि जवळजवळ पूर्णपणे चरबीवर चालतं. आर्क्टिक प्रदेशातल्या जमिनीवरच्या खारीचं तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरलेलं १९८९ मध्ये मोजलं गेलं, तरी तिचं रक्त गोठत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती काही तासांसाठी पुन्हा ३७ अंशांच्या आसपास येते. त्या वेळी तिला आतून तापवण्याचं पहिलं काम तपकिरी चरबीच करते. हिवाळाभराच्या ऊर्जेतला सर्वांत मोठा खर्च या थोड्या जागेपणांचा असतो.

आणि इथे आवरणाची ती ओढाताण पुन्हा दिसते. शीतनिद्रेआधी या खारींच्या खाण्यात असंपृक्त मेदाम्लं कमी पडली, तर त्यांना खोल निद्रा जमत नाही. फार जास्त झाली तरीही बिघडतं, कारण मग ती खवट होऊ लागतात. त्यांना ठराविक मधलं प्रमाण लागतं.

वयाबद्दल बोलायचं तर १९८१ मध्ये चार्ल्स लायमन आणि सहकाऱ्यांनी तुर्की हॅमस्टरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला : ज्यांनी शीतनिद्रेत जास्त काळ काढला, ते जास्त जगले. २०२२ मध्ये पिवळ्या पोटाच्या मार्मोट या मोठ्या खारींच्या रक्तातल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा वर्षानुवर्षं तपासून कळलं की त्यांचं वय उन्हाळ्यात पुढे सरकतं आणि शीतनिद्रेच्या महिन्यांत जवळपास थबकतं. सैबेरियातलं ब्रांटचं वटवाघूळ जेमतेम ७ ग्रॅमचं, तरी खूण केलेलं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी पुन्हा सापडलं. त्याच्याएवढा उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो. उडणं, गुहेतली सुरक्षितता अशी इतरही कारणं त्यात आहेत, पण शीतनिद्रेचा वाटा नाकारता येत नाही.

थंड होणं आणि चरबीवर चालणं यांतलं जास्त महत्त्वाचं कोणतं? २०२५ मध्ये सिनिशा हर्व्हाटिन यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतल्या ठराविक पेशी चेतवून त्यांना शीतनिद्रेसारख्या अवस्थेत नेलं. त्यांच्या रक्ताचं वय सावकाश वाढलं. मग कमी खाणं, मंद चयापचय आणि कमी तापमान यांचे परिणाम वेगवेगळे काढून पाहिले, तेव्हा निर्णायक ठरलं ते कमी तापमान. पण ते तापमान सोसायला योग्य आवरण हवं, आणि त्यात टिकून राहायला चरबी हवी. खारीकडे हे दोन्ही शरद ऋतूतच तयार असतं. माणसाचं शरीर मात्र २८ अंशांच्या आसपास पोचलं की हृदयाची लय केव्हाही तुटू शकते. खारीच्या हृदयपेशी शून्याजवळही नियमित कशा ठोकतात, यावर आता अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे, आणि त्यातला एक मोठा धागा त्या पेशींच्या आवरणातल्या मेदाम्लांचा आहे.